विमानानं पंख हलवले होते

ॲडलेडपासून लांब, रानातल्या टॅलिनात आयव्हर पेनहॉलला न ओळखणारा माणूस शोधायचा म्हटलं, तर त्या कामालाही आयव्हरलाच विमान काढावं लागलं असतं. गाव ते केवढं! एक पब, एक शाळा, एक पोलीस ठाणं, एक पेट्रोलपंप आणि त्या पंपावर उभं राहून दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते सांगणारी चार माणसं. बाकी सगळं लाल रान. आयव्हरचं मेंढ्यांचं कुरण गावाच्या दक्षिणेला, त्याच्या आज्यानं घेतलेलं. या टोकापासून त्या टोकाला मोटारीनं जायचं तर शिदोरी बांधून घ्यावी लागते. म्हणून त्यानं तरुणपणीच चार माणसांचं एक जुनं विमान घेतलं होतं. टाक्यांतलं पाणी, तुटलेली कुंपणं, चुकलेल्या मेंढ्या, सगळं तो वरूनच बघायचा. बायको मोइरा म्हणायची, घरात चमचा सापडत नसला तरी हा आधी वर जाऊन बघेल.

पोलिसांचं आणि त्याचं जुळलं ते एका हरवलेल्या पोरापायी. सहलीला आलेलं ते पोर झाडीत शिरलं आणि दिसेनासं झालं. ठाण्यात सार्जंट एक, गाडी एक, आणि हद्द एखाद्या देशाएवढी. आयव्हर कुणी न बोलावता उडाला आणि जेवणाच्या वेळेपर्यंत पोर सापडलंही. तेव्हापासून आसपासचे विमानवाले एकेक करून येऊन मिळाले आणि त्यांचा एक जथाच झाला. पोलीस इंधन द्यायचे. बाकी विमान आपलं, वेळ आपला, आणि पडलं तर हाडंही आपलीच. मोबदला म्हणून प्रत्येकाला बिल्ला लावलेली एक निळी टोपी. आयव्हर ती चर्चमध्येसुद्धा घालून बसायचा, आणि पाद्री काही बोलायचा नाही, कारण त्याचा भाऊ याच टोपीवाल्यांनी एकदा वाळूतून उचलून आणला होता. आयव्हरच्या डोक्यात थोडी हवा होती, नव्हती असं नाही, पण ती फुकटची नव्हती. एकच खोड होती. आयुष्यभर इंजिनाच्या आवाजात बोलून त्याची ऐकायची सवय गेली होती. समोरचा बोलत असला की हा "हं, हं" करत मनात वाऱ्याची दिशा बघत असायचा.

आमच्याकडे एक रीत आहे. रानात माणूस दिसला की हात करायचा. ओळख असो, नसो. मोटारीतून जाणारा स्टिअरिंगवरचं एक बोट तरी उचलतो. खालच्या माणसानं विमानाला हात केला की वैमानिक पंख एकदा इकडे, एकदा तिकडे हलवतो: राम राम, बघितलं रे तुला. हात न करणं म्हणजे शिवी. आता शिष्टाचाराचा हात एक आणि संकटातला हात दोन, हे आयव्हर स्वतः दर वर्षी शाळेत जाऊन पोरांना शिकवायचा. दोन्ही हात वर करा, म्हणजे आम्ही समजू की मदत हवी. शहरातल्या माणसांना मात्र हे शिकवायला कुणी जात नाही.

फेब्रुवारीत, उन्हाळा ऐन भरात असताना, ॲडलेडहून लिओ बासानी आणि त्याची बायको फ्रँका टॅलिनात आली. लिओ भाजीचा दुकानदार, आता दुकान मुलाकडे. पंचविशीत तो इथल्या रेल्वेवर मजुरी करत होता आणि तिथला तो ओसाड थांबा एकदा बायकोला दाखवायचा, हे त्याच्या मनात कित्येक वर्षं होतं. पबवालीनं सांगितलं, या उन्हात जाऊ नका. ते गेले. रात्री परतले नाहीत.

थांबा उत्तरेला. तेव्हा सार्जंट टीना व्लाहोसनं सकाळी विमानवाल्यांना निरोप धाडला तो उत्तरेच्या शोधाचा. टीना पस्तिशीची, पोर्ट ऑगस्टाची, बोलायला कमी आणि कामाला वाघ. आयव्हरचं घर दक्षिणेला, म्हणजे गावच्या धावपट्टीवर पोचायला त्याला स्वतःच्याच रानावरून यावं लागायचं. न्याहारी करताना मोइरा त्याला सांगत होती की डार्सीचा फोन आला होता, त्याची बायको बाळंतपणाला दवाखान्यात आहे, तो काही आठवडाभर कुंपणाच्या कामावर यायचा नाही. आयव्हर म्हणाला, "हं." त्याच्या डोळ्यांपुढे नकाशा होता. सगळी पोरं धावपट्टीवर त्याची वाट बघत असतील आणि आपण गेल्याशिवाय कुणाला काही सुचणार नाही, याची त्याला गोड घाई झाली होती.

रानाच्या कडेला विहिरीचं पाणी उपसणारी एक पवनचक्की आहे. तिला आम्ही खारी चक्की म्हणतो. तिचं पाणी मेंढ्यासुद्धा पीत नसत, म्हणून आयव्हरनं ती बंद केलेली. टाकी कोरडी ठणठणीत. तिच्यावरून जाताना त्याला टाकीपाशी एक माणूस दिसला. एक हात टाकीला टेकलेला, दुसऱ्या हातानं टोपी हलवत होता. टोपी काढून हलवायची सवय डार्सीची. सरहद्दीचं कुंपण तिथूनच जातं आणि त्या आठवड्यात डार्सीचं काम तिथेच ठरलं होतं. आयव्हर हसला. त्यानं पंख एकदा इकडे, एकदा तिकडे हलवले आणि पुढे गेला.

गावाजवळ येता येता टीनानं रेडिओवरून विचारलं की तुमच्या बाजूला काही दिसलं का. आयव्हर म्हणाला, "माझ्या रानात नाहीत. माझ्या रानात कुणी शिरलं तर मला मेंढ्या सांगतात." टीनानं दक्षिण बाजू सोडून दिली आणि दिवसभर सगळी विमानं, सगळ्या गाड्या उत्तरेला धुंडाळत राहिल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. फक्त इथे कळशात दोन जीव होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धावपट्टीवर डार्सी आला. मुलगी झाली होती, ती आणि आई झोपल्या होत्या, म्हणून म्हणे तुमची इंधनाची पिंपं तरी उचलू लागतो. आयव्हरनं त्याची पाठ थोपटली आणि म्हणाला, "काल खाऱ्या चक्कीवर टोपी नाचवत होतास, तेव्हा बोलला नाहीस बाप होणार म्हणून."

डार्सीनं पिंप खाली ठेवलं. "मालक, मी सोमवारपासून दवाखान्यात आहे. मोइरानं सांगितलं नाही का?"

मग टाकीपाशी टोपी हलवत होतं ते कोण? आयव्हर लगोलग विमानात बसला आणि इतरांच्या आधी उडाला. चक्कीजवळच्या कडक चिखलाच्या मैदानात त्यानं विमान उतरवलं. टाकीच्या सावलीत एक म्हातारा पडला होता, ओठ फुटलेले, छाती हळूहळू हलत होती. त्याच्या अंगात शर्ट नव्हता, कारण शर्ट त्यानं शेजारी निजलेल्या बायकोच्या तोंडावर घातला होता. ती गेली होती. तिची पांढरी टोपी तिच्या पोटावर नीट ठेवलेली होती. आयव्हरनं म्हाताऱ्याच्या ओठांवर पाणी लावलं, रेडिओवरून जागा कळवली आणि विमानाच्या चाकापाशी बसून राहिला.

त्यांची मोटार नंतर सापडली. उत्तरेऐवजी दक्षिणेचा रस्ता धरून चुकून आयव्हरच्याच फाटकातून वळली होती आणि ओढ्याच्या वाळूत, झाडांखाली रुतली होती. लांबून पवनचक्की दिसली, म्हणजे पाणी असणार, असं समजून दोघं चालत आली होती. शहरातल्या माणसाला पवनचक्की म्हणजे पाणीच वाटणार.

आता बघा, गाव कसं असतं. जो शोधतो तो देव. आयव्हरनं एकट्यानं, सगळे उत्तरेला जात असताना, स्वतःच्या अक्कलहुशारीनं दक्षिण गाठली आणि माणूस वाचवला, अशी गोष्ट संध्याकाळपर्यंत पबमध्ये तयार झाली. ॲडलेडच्या वर्तमानपत्रात त्याचा टोपीतला फोटो आला. आयव्हरनं ती गोष्ट केली नव्हती, पण मोडलीही नाही. पहिल्या दिवशी सांगणं कठीण होतं. दुसऱ्या दिवशी त्याहून कठीण झालं. लाजेचं असंच आहे, शिळी झाली की जड होते.

मग लिओ दवाखान्यात बोलायला लागला. तो म्हणाला, आदल्या दिवशी सकाळी विमान आलं होतं. बायकोनं टोपी हलवली आणि विमानानं पंख हलवले. त्यांनी बघितलं होतं, मग यायला एक दिवस का लागला? त्याचा मुलगा पोलिसांवर उखडला. ॲडलेडहून मोठे साहेब आले आणि टीनाला प्रश्न विचारायला लागले.

टीना आयव्हरच्या घरी आली. मोइरा ओट्यापाशी शेंगा चिरत होती. टीनानं टोपी काढून टेबलावर ठेवली आणि सरळ विचारलं की बुधवारी सकाळी खाऱ्या चक्कीवरून कोण गेलं होतं.

या वेळी आयव्हरला तोंड उघडता आलं असतं. दार उघडं होतं आणि विचारणारं माणूस चांगलं होतं. पण त्यानं अंगावरचं झुरळ झटकावं तसं झटकलं. "मी त्या अंगानं गेलोच नाही. उन्हात माणसाला काय वाटेल ते दिसतं, टीना. मागे त्या भूगर्भवाल्याला नाही का रानात ट्राम दिसली होती."

टीना त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मग टोपी उचलून गेली. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, की तहानेनं मेंदू सुकला की भास होतात. तेव्हा विमान हा भास ठरला. शोधाला उशीर झाल्याचा ठपका तेवढा टीनावर राहिला, कारण तो कुणावर तरी राहायलाच हवा होता.

ती गेल्यावर मोइरानं सुरी खाली ठेवली. "डार्सीचं मी तुला सांगितलं होतं, हे मी कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "पण पुन्हा मला असं खोटं ऐकायला बसवू नकोस." आणि ती आपल्या भावाकडे म्हणून गेली ती आठ-दहा दिवस आली नाही.

आयव्हरला स्वतःची शरम वाटायला लागली, आणि ती रोज वाटायला लागली. दाढी करताना तो आरशात फक्त हनुवटी बघायचा. पबमध्ये कुणी बिअर पुढे केली की तो ग्लास तसाच ठेवून उठायचा. डार्सी कुंपणाचं काम करायला परत आला, काम नेहमीसारखं चोख केलं, पण वरून विमान गेलं तर मान वर करेना. त्यानं कुणाजवळ शब्द काढला नाही. नुसता हात करायचं सोडलं. आयव्हरनंही पंख हलवायचं सोडलं. खाली कुणी हात केला की तो हँडल घट्ट धरून सरळ निघून जायचा आणि लोक म्हणायचे, म्हातारा पेपरात फोटो आल्यापासून फुगलाय.

एप्रिलच्या शेवटी टीनाचा फोन आला. लिओ बासानी बसनं गावात आलाय, मोटार विकून टाकायला. तुम्हाला भेटायचं म्हणतोय, आभार मानायचेत. आयव्हर म्हणाला की मेंढ्यांची लोकर उतरवायची गडबड आहे. टीना म्हणाली, "तो वाट बघतो म्हणालाय. कितीही दिवस." आणि तिनं फोन ठेवला.

पबच्या ओसरीवर लिओ एकटाच बसला होता. इस्त्रीचा शर्ट, त्यातली मान बारीक झालेली. आयव्हरला बघून तो उठला, दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि सोडेना. मग त्यानं पिशवीतून टोमॅटोच्या रसाची एक बरणी काढून टेबलावर ठेवली. दर वर्षी जानेवारीत लिओ आणि फ्रँका अंगणात बसून वर्षभराचा रस करत. हा फ्रँकाच्या हातचा शेवटचा. थोड्याच बरण्या उरल्यात, त्यातली एक तुमची, असं तो म्हणाला.

आयव्हरनं बरणीला हात लावला नाही.

लिओ खाली बसला आणि जरा पुढे वाकून हळू आवाजात बोलायला लागला. "तुम्ही वैमानिक आहात. मला एक विचारायचंय, पण हसू नका. मुलगा म्हणतो, बाबा, ते विमानाचं कुणाजवळ बोलू नका, लोक वेड्यात काढतात. मला गोळ्या चालू केल्यात. गाडी चालवू देत नाहीत. मी तिकडे घरात बसून रोज ते विमान आठवतो. पांढरं, पोटाखाली निळा पट्टा. पंख असे, असे. फ्रँका केवढी हसली होती. आता मी म्हणतो, विमान नव्हतं तर ती हसली हे तरी खरं का? की तेही मीच रचलं?" तो थांबला. "एवढंच सांगा. असं दिसतं का हो माणसाला, नसलेलं?"

समोर रस्त्यापलीकडे आयव्हरचं विमान धावपट्टीच्या कडेला उभं होतं. पांढरं. पोटाखाली निळा पट्टा. लिओची पाठ तिकडे होती.

आयव्हरला वाटलं, भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं. त्याला हेही कळलं की आजवर तो जे लपवत होता ते फक्त स्वतःचं नाक होतं. त्यापायी त्यानं या माणसाच्या जवळ उरलेली एकुलती एक चांगली आठवण खोटी पाडली होती. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"ते विमान होतं," तो म्हणाला. "ते माझं होतं. तुम्ही वेडे नाही."

मग आयव्हरनं सगळं सांगितलं. डार्सी, टोपी, न्याहारीच्या वेळचं बायकोचं बोलणं, रेडिओवर मारलेली फुशारकी, टीनाजवळ बोललेलं खोटं. आमच्याकडे हात करणाऱ्याला पंख हलवून उत्तर देतात, हेही सांगितलं. "मला वाटलं, ओळखीचा माणूस आहे. मी राम राम केला," तो म्हणाला. "बघितलं, आणि बघितलंच नाही."

लिओनं बरणीच्या झाकणावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हणजे ती हसली होती."

"हो."

"आम्ही उन्हं उतरली की मोटारीकडे परत जाणार होतो," लिओ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि असता तर आयव्हरला बरं वाटलं असतं. "मीच म्हणालो होतो, या चक्कीत काही नाही, परत जाऊ. मोटारीत संत्री होती. मुलानं दुकानातून पेटी भरून दिली होती, निम्मी तशीच होती. संध्याकाळी आम्ही पोचलो असतो. फ्रँका चालायला माझ्यापेक्षा चिवट. मग तुमचं विमान आलं. ती म्हणाली, लिओ, आता कुठे जायचं नाही. त्यांनी बघितलंय. आपण हललो तर त्यांना सापडणार नाही."

ओसरीवर पबवाली ग्लास गोळा करायला आली, दोघांची तोंडं बघितली आणि आल्या पावली परत गेली.

आयव्हरनं हातातली टोपी टेबलावर ठेवली. माफ करा म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण तो शब्द एवढासा, त्या बरणीपुढेसुद्धा बाहेर येईना.

"मला माफ करा म्हणू नका," लिओच म्हणाला. "मला ते जमणार नाही, आणि नाही म्हणायला लागलं तर मला रात्री झोप येणार नाही. मी इथे तेवढ्यासाठी आलेलो नाही." तो उठला, एक हात टेबलावर टेकून, सावकाश. "माझ्याबरोबर त्या सार्जंट बाईकडे चला. तिथे हे असंच्या असं सांगा. मग माझ्या मुलाला फोन लावा आणि त्यालाही सांगा. त्याला म्हणा, तुझा बाप खरं बोलत होता."

आयव्हर उठला. रस्ता ओलांडताना लिओचा तोल गेला, तेव्हा आयव्हरनं त्याच्या दंडाला धरलं. लिओनं तो हात आपल्या दंडावरून हलकेच काढला आणि पुढचं अंतर एकटाच चालला. आयव्हर त्याच्या मागून ठाण्यात गेला.